घरचा विस्तव

१

वच्छलेचं सकाळचं काम ठरलेलं होतं. चुलीतले चांगले रसरशीत निखारे उकरायचे, खापरीत घालायचे, वर राख पसरायची, बांबूची फुंकणी कमरेला खोचायची, तांदूळ-भाजीची दुरडी डोक्यावर ठेवायची आणि बोडीच्या बांधानं चालायला लागायचं. बोडी म्हणजे गावामागचा लहानसा तलाव. बांधाच्या त्या टोकाला, मोहाच्या झाडाखाली, बांबूच्या ताट्यांची झोपडी होती. तिथं तिची आत्या राहत होती.

राहत होती कसली, तिला तिथं ठेवलं होतं.

त्या साली आषाढात तापाची साथ आली. कोणी म्हणे चामोर्शीच्या बाजारातून आली, कोणी म्हणे चांद्याच्या मोटारीतून उतरली. गुणवंतराव पाटलांकडे पेपर यायचा, शिळा का होईना. त्यांनी चावडीत सांगितलं, "हा ताप साऱ्या दुनियेत फिरून राह्यला. जवान माणूस पडते अन् उठते. म्हातारं माणूस पडलं का उठत नाई." लोकांनी मान डोलावली आणि घरी जाऊन विसरले. मग गावातल्या दोन म्हाताऱ्या पाठोपाठ गेल्या, तेव्हा सगळ्यांचे डोळे खाडकन उघडले. उरलेल्या दोघांना, रंभाबाईला आणि आंधळ्या वारलूबुवाला, बोडीपलीकडे नेऊन ठेवलं. झोपडीच्या अलीकडे एक सपाट धोंडा होता. धोंड्यापुढं कोणी पाय टाकायचा नाही, अशी पाटलांची ताकीद होती.

रंभाबाई ही वच्छलेची आत्या. वच्छला रांगत होती तेव्हा मानमोडीच्या साथीत तिचं घर बसलं. आई गेली, बाप गेला. आत्यानं तिला कडेवर मारून इथं आणली, वाढवली आणि पुढं आपल्याच मुलाला, मुखरूला, करून घेतली. त्यामुळं आत्या हीच तिची आई आणि हीच सासू. लहानपणापासून ती आत्याला 'तू' म्हणायची, ते लग्नानंतरही सुटलं नाही. गावानं नावं ठेवली. आत्या म्हणाली, "ठेवू दे. नावं ठेवाले पैसे लागते काय?"

आता जेवण नेऊन द्यायचं कोणी? घरोघरी माणसं अंथरुणात. मुखरू स्वतः तापानं फणफणलेला. वच्छलेला मात्र काही म्हणजे काही नाही. नवऱ्याचं अंग पुसलं, शेजाऱ्यांची गाडगी उपसली, तरी एक शिंक नाही. पाटील म्हणाले, "वच्छला, तुले तापाचा वाराही नाई लागला. तूच जात जाय." तिला तेव्हा छाती भरून आल्यासारखं वाटलं. आपल्या आत्याला आपणच जपणार, याहून बरं काय?

पाटलांनी काडेपेटीही दिली होती. आत्यानं ती परत पाठवली. "काडीच्या आगीवर मी शिजवत नाई. घरच्या चुलीचा विस्तव येते तवरक मी घरची. तो तुटला का मेल्यात जमा." म्हातारीचा हट्ट, कोण मोडणार? म्हणून रोज विस्तव जायचा. दमट हवेत निखारे मरत, म्हणून वच्छला वाटेत थांबून थांबून फुंकणी मारायची. धोंड्यावर सगळं ठेवून बेलाच्या झाडापर्यंत मागं सरायची. मग आत्या यायची, तिथंच बसून त्याच फुंकणीनं निखारे लाल करायची आणि फुंकणी धोंड्यावर ठेवून विस्तव आत न्यायची. घरात फुंकणी एकच होती. तिच्या तोंडाशी कधीची चीर पडली होती, तिथं वच्छलेनं निळी चिंधी बांधली होती. ती फुंकणी घेऊन वच्छला परत फिरायची.

घरी आली की परसातून बोडीपलीकडं बघायची. मोहाच्या झाडाखालून धूर वर आला की तिच्या जिवात जीव यायचा. मुखरू आतून विचारायचा, "मायची चूल पेटली काय?" ती म्हणायची, "पेटली." मग तो कूस बदलून झोपायचा.

२

एके सकाळी ती बांधावर चढली आणि पाहते तो धूर आधीच निघालेला.

रात्रीचा विस्तव राहिला असेल, ती मनाशी म्हणाली. धोंड्यापाशी जाऊन तिनं हाक मारली, "आत्या व! विस्तव आणला!"

आत्या दारात आली. कपाळावर हात धरून बघत राहिली. "अव, पुन्हा काऊन आणला? आताच त देऊन गेली."

"कवा?"

"तांबडं फुटलं तवा. आत येऊन बसली, चूल फुंकून देली. एक शब्द बोलली नाई. म्हटलं, रुसली का काय पोरगी."

"मी आत्ता उठून येऊन राह्यली, आत्या. सपन पडलं असंन तुले."

झोपडीतून वारलूबुवाचा आवाज आला. "सपन नोहे, बाई. डोये गेले माहे, पण कान शाबूत हाये. फुंकणी वाजत होती. फू... फू... लय वेळ."

वच्छलेनं हातातल्या फुंकणीकडे बघितलं. निळी चिंधी होती, चीर होती. ही तर रात्रभर चुलीमागं उभी होती.

आता तुम्ही-आम्ही तिथं असतो तर काय म्हटलं असतं? तेच ती म्हणाली. म्हातारी माणसं, परकी जागा, बांबूच्या ताटीतून वारा शिरला की शिट्टी वाजतेच. आत्याला चूक दाखवण्यात काय हशील? ती विस्तव ठेवून माघारी आली. वाटेत तिला एवढंच कळेना, की वारा शिट्टी वाजवेल, पण चूल कशी पेटवेल?

घरी मुखरूला विचारलं, "मी पहाटं उठली होती काय जी?"

"मले काय माईत? मी तापात." त्यानं तिच्याकडं नीट बघितलं. "काऊन? तुलेबी आला काय?"

"नाई. मले काई नाई," ती म्हणाली. तिनं आपल्याच कपाळाला हात लावून बघितला. थंडगार होतं.

३

झोपेत चालणारी माणसं असतात, हे वच्छलेनं ऐकलं होतं. तसंच काही असेल, असं तिनं मनाला समजावलं. पण ते समजावणंही फार टिकलं नाही.

रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस होते. ताप येवो की जावो, धान काही थांबत नाही. ज्या बाया उभ्या राहू शकत होत्या त्या पाटलांच्या बांधीत, धानाच्या शेतात उतरल्या, त्यांत वच्छला होती. दिवसभर चिखलात वाकलेली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. दुपारची भाकरसुद्धा शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून सगळ्यांबरोबर खाल्ली.

संध्याकाळी ती दुरडी घेऊन धोंड्यापाशी गेली. आत्या खुशीत होती. केस विंचरलेले होते.

"दुपारी येऊन लय बरं केलं, पोरी. वेणी घालून देली, पाय दाबून देले. पाटलाले मी नाई सांगत, भिऊ नको. इथी दिवस जाता जात नाई. अशीच येत जाय."

 आत्याची वेणी वच्छलेला दिसत होती. शेवटाला गाठ मारायची एक तऱ्हा असते प्रत्येकीची. वच्छला उलटी गाठ मारायची, आत्यानंच लहानपणी शिकवलेली. ती गाठ तिथं होती.

"आत्या, कोण आलं होतं? नीट सांग व."

"आता घ्या! स्वतःच येते अन् मलेच पुसते." आत्या हसली. हसता हसता तिला ठसका लागला. लहानसाच ठसका. तिनं पदर तोंडाशी धरला आणि हात हलवून म्हणाली, "धुरानं होते."

वच्छला तशीच पाटलांकडे गेली. पाटील पडवीत खाटेवर होते, डोक्याला फडकं बांधून. तिनं सांगितलं, की झोपडीत कोणीतरी जातंय.

"कोण जाईन? गावात तिकडं जाणारा माणूस उरला कोण?" पाटील म्हणाले. "तूच तेवढी. अन् तू त जात नाई ना?"

"मी नाई जात."

"मंग झालं." त्यांनी डोळे मिटले. वच्छला तिथंच उभी राहिली. तिला वाटलं, यांनी अजून एकदा विचारावं. म्हणजे अजून एकदा 'नाही' म्हणता येईल.

४

मंगली भेटली तेव्हा ती डोंगराकडून येत होती. डोक्यावरच्या टोपलीत वास्ते होते, बांबूचे कोवळे कोंब. रानालगतच्या टोल्यावर, लहानशा वस्तीवर तिचं घर होतं. ताप तिला आधीच येऊन गेला होता, अंगावरचं मांस उतरलं होतं. दोघी जणी जुन्या ओळखीच्या, बाजाराला बरोबर जाणाऱ्या.

मंगली थांबली, पण रोजच्यासारखी जवळ आली नाही. "काल दुपारी हाक मारली तुले. पाह्यलंबी नाई माह्याकडं."

"कुठी?"

"झोपडीत. बांधावरून येऊन राह्यली होती मी. दार उघडं होतं. तू बसली होती आत, फुंकणी घेऊन."

"मी रोवण्यात होती, मंगली. साऱ्या बायांले पूस."

मंगलीनं टोपली खाली ठेवली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती आणि वच्छलेला ते ठाऊक होतं, हीच तर पंचाईत. "तुहंच लुगडं होतं. तेच ठिगळ. मी काय तुले वळखत नाई?"  मग हळू आवाजात म्हणाली, "पण मले एक समजलं नाई. चूल तुह्या पाठीमागं होती. तू फुंकत कोणाले होती?"

 वच्छलेनं काहीतरी उत्तर दिलं, काय दिलं ते तिलाच आठवेना. घरी येऊन तिनं फुंकणी धानाच्या ढोलीत खोल खुपसली आणि ढोलीवर पाटा ठेवला. मग त्या पाट्याकडं बघत बसली. मी इथं आहे, ती स्वतःशी म्हणाली. हे माझे हात, हे माझे पाय. मी इथं आहे तर तिथं कशी असेन? हिशेब सोपा होता, तरी तो जुळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती निघाली. विस्तव नाही, दुरडी नाही, रिकाम्या हातानं. बांधानं न जाता खालच्या धुऱ्यानं, झोपडीच्या मागच्या अंगानं. जो कोणी असेल त्याला आज पकडायचा. बाई असेल तर झिंज्या धरायच्या. तिनं कमरेला पदर खोचला होता.

ऊन पडलं होतं. बोडीतलं पाणी हलत नव्हतं. ती ताटीजवळ पोचली आणि तिला ऐकू आलं.

फू... मग थोडी उसंत. फू...

घाईनं फुंकतात तसं नव्हतं ते. निखारा मरू नये म्हणून राखून राखून फुंकतात, तसं होतं. वच्छलेनं ताटीच्या फटीला डोळा लावला.

आत अंधार होता. आधी वारलूबुवा दिसला, चटईवर, तोंड उघडं टाकून झोपलेला. त्याच्याजवळ आत्या. आणि दोघांच्या मध्ये, तिच्याकडं पाठ करून, उकिडवी बसलेली एक बाई. हिरवं लुगडं. खांद्यावर ठिगळ. चूल तिच्या मागं नुसती धुमसत होती. बाईनं एका हातानं आत्याच्या कपाळावरचे केस मागं सारले, किती मायेनं सारले ते, आणि दुसऱ्या हातातली फुंकणी आत्याच्या ओठांशी नेली. निळी चिंधी दिसली. फू... आत्याची छाती वर आली. बाई थांबली, छाती खाली बसली. फू...

वच्छलेला किंचाळायचं होतं. पण तिला त्या पाठीची ओळख पटली. आरशात पाठ दिसत नाही, कोणाला आपली पाठ ठाऊक नसते. तरी तिला पटली.

मग ती बाई मान वळवू लागली. वच्छला ताटी सोडून पुढच्या दाराकडं धावली.

५

दारातून आत आली तेव्हा आत्या आणि वारलूबुवा, दोघंच होते. मधली जागा रिकामी होती. चूल धुमसत होती. धोंडा कधीच मागं राहिला होता, हे तिच्या नंतर ध्यानात आलं.

आत्यानं डोळे उघडले. "आली? बस. आज उभी काऊन? रोज त जवळ बसते."

"आत्या, मी नाई येत व! ती मी नोहे!"

"बरं, बरं. नाई येत." लहान पोराची समजूत घालावी तसं आत्या म्हणाली आणि तिचा हात धरून ओढला. आत्याचा हात कढत होता. वच्छला गुडघ्यावर बसली. तिला रडू कोसळलं. आत्या थोपटत राहिली.

"रडू नको. तुले काई होत नाई. तवाही नव्हतं झालं. तुह्या घरी आली मी तवा सारे पडले होते. तुही माय, तुहा बाप, आजी. घोटभर पाणी द्याले माणूस नाई. अन् तू येवढुशी, हसत होती. याच्या अंगावरून त्याच्या अंगावर रांगत जाय. तोंडाले तोंड लावून मुके घेय. तुले साधी शिंक नाई आली, माय. म्हटलं, हे लेकरू देवाचं."

आत्यानं हे आधीही कितीतरी वेळा सांगितलं होतं, लाडानं, पाहुण्यांसमोर. वच्छलेला ते ऐकायला आवडायचं.  आज तिनं आपला हात सोडवून घेतला आणि तोंडावर धरला. वाटेत आपण फुंकायची. मग आत्या फुंकायची. तेच तोंड, तीच चीर, रोज सकाळी. धोंडा कधी ओलांडला नाही, आणि तरी रोज आपण आत्याच्या ओठांपर्यंत जात होतो.

पण मग आत बसलेली ती कोण? याचं उत्तर त्यात नव्हतं. ती तशीच मागं मागं सरकत दाराबाहेर पडली. आत्या हाका मारत राहिली.

घरी येऊन तिनं ढोली उपसली. फुंकणी तळाशीच होती, पाट्याखाली. तिचं तोंड ओलं होतं. वच्छलेनं ती बांधावर नेऊन बोडीत फेकली, जितका जोर होता तितक्या जोरानं. फुंकणी बुडाली की तरंगली, हे तिनं थांबून पाहिलं नाही.

पाटलांना तिनं सांगितलं, "मी उद्यापासून जात नाई. माह्यात ताप हाये."

पाटलांनी तिच्या कपाळाला लांबून हात दाखवला. "कुठी हाये? चांगली त दिसून राह्यली."

"हाये, पाटील. दिसत नाई, पण हाये." ती इतकी रडली, की पाटलांनी वाद घातला नाही. मंगलीनं जायचं ठरलं. तिला ताप होऊन गेला होता. बरोबर काडेपेटी द्यायची ठरली.

वच्छलेनं स्वतःला मागच्या खोलीत कोंडून घेतलं. आत्याला काय वाटेल, हे तिला कळत होतं. विस्तव तुटला. आत्या म्हणेल, पोरीनं मला मेल्यात जमा केलं. म्हणू दे, वाचली तर पुढं माफी मागता येईल. ती भिंतीला टेकून बसली आणि पहाटेची वाट बघत राहिली.

६

सकाळी मंगली आली ती दाराबाहेरूनच बोलली. मुखरूला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज दाबून.

"आत्याचं अंग तापून राह्यलं, वच्छला. बोलते चांगली, पण अंग तव्यासारखं. श्वास लागते."

"काडेपेटी देली? चूल पेटवून देली?"

मंगलीनं काडेपेटी उंबऱ्यावर परत ठेवली.

"सांग ना व!"

"घेतली नाई. म्हणे, काडी कायले पाह्यजे? वच्छला घरचा विस्तव घेऊन आली ना सकाळीच. म्हणे, आता ती जातच नाई, इथीच राह्यते." मंगली दारापासून मागं सरली. "मी आत नाई पाह्यलं. मले नाई पाहवलं. फुंकणीचा आवाज येत होता."

मंगली गेली. वच्छला उठून परसात आली. बोडीपलीकडे, मोहाच्या झाडाखालून, धूर निघत होता. तो सरळ चढत नव्हता. एक लोट यायचा, थांबायचा, मग दुसरा. वच्छलेनं हताशपणे एक सुस्कारा सोडला, तेवढ्यात एक लोट आला. ती दचकली. तिनं श्वास आत घेतला. धूर थांबला. सोडला, आणि लोट वर आला.

काहीतरीच, ती म्हणाली. बोलतानाही श्वास सुटतोच. पलीकडं धूर हलला.

मग तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, नाक चिमटीत धरलं आणि श्वास रोखला.

धूर तुटला. मोहाचं झाड स्वच्छ दिसायला लागलं, पानन् पान. तिला वाटलं, आता आत्याला उतार पडत असेल. आता ती उठून बसली असेल, पाणी मागत असेल. वच्छलेला असा आनंद झाला की डोळे भरून आले. एवढंच करायचं होतं होय? मग करू की. कानांत भणभण सुरू झाली, डोळ्यांपुढं काजवे नाचू लागले. अजून थोडं, आत्यासाठी अजून थोडं. तिनं भिंतीचा आधार घेतला. छाती फुटायला आली.

मागून मुखरू आला. कितीतरी दिवसांनी तो आज स्वतःच्या पायांवर उठला होता. "काय करून राह्यली व? नाक काऊन धरलं?"

तिनं मान हलवली. नको, नको, नको. मग पदर गळून पडला आणि तोंड आपसूक उघडलं.

मुखरूनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो बोडीपलीकडं बघत होता.

"ते पाह्य," तो खुशीत म्हणाला, "मायची चूल पेटली. बरी हाये माय."